रफनेक मॉनिटर दिवसभर लपून का बसते, आणि तिला माणसाळवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्यूस्टनला राहणाऱ्या एका गृहस्थांनी तीन महिन्यांपूर्वी रेप्टाइल एक्स्पोमधून, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विक्री-प्रदर्शनातून, ब्लॅक रफनेक मॉनिटर, म्हणजे वॅरॅनस रुडिकॉलिस जातीची दोन-अडीच फुटांची घोरपड आणली. घर म्हणजे चार फुटी काचेची टाकी, वर जाळी, आत लाकडाचा भुसा, एक अर्धगोल ओंडका आणि १५० वॉटचा एक दिवा. टाकीचं तापमान त्यांनी ८८ फॅरनहाइट लिहिलंय. घोरपड दिवसभर ओंडक्यामागे असते. रात्री ठेवलेला उंदीर सकाळी नाहीसा झालेला असतो, पण तिला खाताना कुणी पाहिलेलं नाही. हात आत गेला की अंग फुगवून फुसकारते. ओळखीच्या एकांनी सल्ला दिला की ओंडका काढून टाका आणि रोज अर्धा तास हातात धरा, आपोआप माणसाळेल. तसं करावं का? आणि त्यांच्या नाशिकच्या मेहुण्याला शेताच्या बांधावर घोरपडीचं पिल्लू सापडलंय, ते पाळता येईल का?

मेहुण्याचं आधी सांगते. भारतात घोरपड पाळता येत नाही. आपल्या शेताबांधावरची घोरपड, पाणघोरपड, पिवळी घोरपड आणि वाळवंटातली घोरपड या चारही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. पकडणं, बाळगणं, विकणं यातल्या कशालाही ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. पिल्लू अजून उचललं नसेल तर हात लावू नका, ते बांधावर स्वतःचं पोट स्वतः भरतं. घरात आणलं असेल तर आजच महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परदेशी जातीची घोरपड आणून पाळू म्हटलं तरी सुटका नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली, २०२४ मध्ये तिचे नियम आले, आणि घोरपडीच्या सगळ्याच जाती त्या यादीत आहेत. अमेरिकेतही राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, तेव्हा शहराचा आणि घरमालकाचा नियमही एकदा वाचून घ्या.

आता तुमच्या घोरपडीचं. ओंडका काढू नका. रोज हातात धरणं तर अजिबात नको. लपायच्या जागा आहेत त्याच्या कितीतरी पट वाढवा. तुम्हाला ती बाहेर दिसायला हवी आहे आणि मी तिला लपवायला सांगतेय, हे उलटं वाटेल. पण बुजऱ्या घोरपडींबरोबर इतकी वर्षं काढल्यावर मला एकच गोष्ट पक्की कळली आहे: जिला परत आत जाता येईल याची खात्री असते, तीच बाहेर येते. तुमच्या टाकीत तिला एकच आडोसा आहे. तो सोडला तर चारही बाजूंनी काच, वर मोकळी जाळी, आणि हात येतो तोही वरून. घारी-गरुडासारखे पक्षी ज्या दिशेनं झडप घालतात त्याच दिशेनं. अशा ठिकाणी ती ओंडक्यामागे बसते हे तिचं शहाणपण आहे.

ही जात मुळात कुठली आहे तेही बघा. दक्षिण म्यानमार, थायलंड, मलाय द्वीपकल्प, सुमात्रा, बोर्निओ इथल्या दमट जंगलात ती राहते, बराच वेळ झाडावर, खोडांच्या पोकळीत. नाईल घोरपडीसारखी किंवा पाणघोरपडीसारखी ती अंगावर येत नाही. दिसायचंच नाही, हाच तिचा बचाव. मानेवरचे ते मोठे, कंगोरेदार खवले आणि पाऊण शरीर काळवंडलेलं, अशी ती सालीला चिकटून बसली की हाताच्या अंतरावरून नजरेतून सुटते. पकडलं तर चावण्यापेक्षा नख्यांनी ओरबाडते आणि अंगावर हगते. इतका हा घाबरून सुटका करून घेणारा जीव आहे.

दुसरं असं की बाजारात येणाऱ्या बहुतेक रफनेक जंगलातून पकडलेल्या असतात, मुख्यतः इंडोनेशियातून. झाडावरून काढली, पोत्यात घातली, व्यापाऱ्याच्या गोदामात गर्दीत ठेवली, विमानातून आली, घाऊक विक्रेत्याकडे गेली, मग एक्स्पोच्या टेबलावर प्लास्टिकच्या डब्यात दिवसभर लोकांनी टकटक केली. या सगळ्या प्रवासात माणसाचा हात जवळ आला आणि काही चांगलं घडलं, असं एकदाही झालेलं नाही. विक्रेत्यानं ‘कॅप्टिव्ह ब्रेड’, म्हणजे बंदिवासात जन्मलेली, असं सांगितलं असेल तर जन्मतारीख आणि आईबापांचे फोटो मागा. या जातीची पिल्लं पैदा करणारे फार थोडे आहेत आणि ते असली माहिती अभिमानानं देतात.

हातात धरण्याच्या सल्ल्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो सर्रास दिला जातो आणि त्यानं जनावरं मरतात. रोज धरलं की काही आठवड्यांनी घोरपड झटापट करेनाशी होते. हातात निपचित पडते, डोळे मिटून घेते, आणि लोक म्हणतात, बघा, किती शांत झोपली. ती झोपलेली नसते. अनोळखी माणसापुढे डोळे मिटून घेणं ही घोरपडीची हार मानल्याची खूण आहे. अशी घोरपड हळूहळू खाणं सोडते, तिचं वजन उतरतं, जंत बळावतात, आणि एक दिवस ‘काही कारण नसताना’ गेली असं मालक सांगतात. माणसाळलेली घोरपड डोळे उघडे ठेवून, जीभ काढत, स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे येते. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण स्वभावाकडे वळण्याआधी तब्येत. आयात केलेली घोरपड जवळजवळ नेहमी पाण्याला आसुसलेली आणि जंतांनी भरलेली असते. डोळे खोल गेलेत का, शेपटीच्या मुळाशी कातडी सैल पडून घड्या पडतात का, कमरेची हाडं वर आली आहेत का, हे काचेबाहेरून बघा. शी पडली की तिच्यातला पांढरा भाग बघा. तो मऊ आणि ओला असला पाहिजे. पिवळसर, खडूसारखा टणक असेल तर पाणी कमी पडतंय. मग तीच ताजी शी झिपलॉक पिशवीत घालून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे द्या आणि जंतांची तपासणी करून घ्या. जनावर न नेताही ही तपासणी होते, म्हणजे तिला त्रास नाही. अंदाजानं जंतांचं औषध मात्र देऊ नका. शरीरात पाणी कमी असताना दिलेलं औषध मूत्रपिंडावर बसतं. आधी पाणी, मग निदान, मग औषध, तेही डॉक्टर वजन करून देतील त्या मात्रेत. पाण्यासाठी तिचं अख्खं शरीर मावेल असं जड, पसरट टब ठेवा. बऱ्याच रफनेक पाण्यात बसूनच शी करतात, त्यामुळे ते रोज घासून बदलावं लागेल.

आता घर. चार फुटी टाकी ही तात्पुरती सोय म्हणून चालेल. ही घोरपड वाढून सव्वा ते दीड मीटरपर्यंत जाते आणि तिला चढायला उंची लागते. प्लायवूडची, आतून वॉटरप्रूफ रंग किंवा रेझिन दिलेली, पुढून उघडणाऱ्या दारांची पेटी बांधा. लांबी आठ फूट, खोली चार, उंची सहा किंवा जास्त. वरून बंद. जाळीचं झाकण हा तुमच्या टाकीतला सगळ्यात मोठा दोष आहे, कारण उष्णता आणि ओलावा दोन्ही तिथून निघून जातात आणि मग तुम्ही कितीही फवारे मारा, दुपारी हवा पुन्हा कोरडी. ओलावा ७५ ते ९० टक्क्यांच्या आसपास राहायला हवा. तो राहिला नाही तर कात बोटांच्या टोकांना चिकटून राहते, वाळून आवळते आणि बोटांची टोकं झडतात. पुढे मोकळी काच सहा-आठ इंचच ठेवा, बाकी बाहेरून कागदानं झाका. कागद महिन्यामहिन्यानं थोडा थोडा खाली सरकवता येतो.

आत कॉर्कच्या, म्हणजे बाटलीचं बूच करतात त्या सालीच्या नळ्या हव्यात, काही उभ्या, काही तिरक्या, आणि अंगाला घट्ट बसतील अशा. पाठ आणि पोट दोन्ही एकाच वेळी भिंतीला टेकलं की घोरपडीला सुरक्षित वाटतं. मोठी ऐसपैस गुहा तिच्या उपयोगाची नाही. या नळ्या अशा मांडा की दिव्याखालच्या ऊन खायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून गार कोपऱ्यापर्यंत जाताना तिला उघड्यावर फार चालावं लागू नये. मधल्या मोकळ्या जागी पोथोसच्या (मनीप्लांटच्या) वेली, नसतील तर प्लास्टिकची पानं भरगच्च लावा. पेटी अशी भरली पाहिजे की पाहुण्यांनी विचारावं, यात प्राणी आहे कुठे. नळीचा आणखी एक मोठा फायदा आहे. डॉक्टरकडे न्यायची वेळ आली की घोरपड आत असताना नळीच्या दोन्ही तोंडांना टॉवेलचे बोळे लावायचे आणि नळीसकट उचलायची. पाठलाग नाही, झटापट नाही, महिन्यांची कमाई एका दिवसात जात नाही.

भुसा काढून टाका. त्याऐवजी साधी माती आणि वाळू यांचं मिश्रण, वर वाळक्या पानांचा थर, किमान फूट-दीड फूट खोल. माती बरोबर जमली का हे बघायला मूठभर घेऊन दाबा. गोळा टिकला पाहिजे, बोट लावल्यावर फुटला पाहिजे, आणि हाताला पाणी सुटता कामा नये. अशा मातीत खणलेलं बीळ ढासळत नाही. तुमची घोरपड मादी असू शकते, आणि मादी नर नसतानाही अंडी धरू शकते. अचानक भूक वाढून मग बंद झाली, पोट खाली लोंबलं आणि ती कोपरे उकरत फिरायला लागली तर ही वेळ आली समजा. खोल, ऊबदार, ओलसर माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते. म्हणून नर की मादी हे ठरेपर्यंत एक कोपरा दोन फूट खोल ठेवाच.

उष्णतेबद्दल लोक फार कंजूषपणा करतात. तुम्ही टाकीचं तापमान ८८ फॅरनहाइट लिहिलंय. ते नेमकं कुठलं? घोरपडीच्या घरात एकच तापमान असून चालत नाही. गार टोकाला २४-२५ अंश सेल्सिअस, मधली हवा २८-३०, आणि ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ४५ ते ५५. तुमच्या मोजणीत ही शेवटची जागा साधारण ११५ ते १३० फॅरनहाइट येईल. आकडा ऐकून घाबरू नका. तो लाकडाच्या पृष्ठभागाचा आहे, ती तिथे थोडा वेळ बसून अंग तापवते आणि निघून जाते. काचेला चिकटवलेला डायलचा थर्मामीटर इथे निरुपयोगी, लांबूनच पृष्ठभागाचं तापमान मोजणारी टेम्परेचर गन घ्या. एका मोठ्या दिव्यानं पाठीवरचा तळहाताएवढा तुकडा भाजतो आणि शेपटी गारच राहते, म्हणून कमी वॉटचे दोन-तीन हॅलोजन फ्लड दिवे शेजारी शेजारी लावा, म्हणजे अख्खं धड एकदम तापेल. दिव्यांना जाळीची टोपली हवीच. चढणारी घोरपड दिव्याला बिलगते आणि भाजून घेते. सोबत यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणाऱ्या दिव्याची, लांब नळी. रात्री सगळं बंद, २३-२४ अंश चालतं. याचा बुजरेपणाशी थेट संबंध आहे: गार पडलेल्या घोरपडीला पळता येत नाही हे तिला ठाऊक असतं, म्हणून ती आडोसा सोडत नाही. अंग तापलेल्या घोरपडीला पायांवर भरवसा असतो आणि ती जास्त जोखीम घेते. ऊन खायची जागा नीट केल्यावर ‘स्वभाव बदलला’ असं वाटणाऱ्या घोरपडी मी खूप पाहिल्या आहेत.

आता ते उंदराचं. रफनेक दिवसा हिंडणारी आहे, त्यामुळे रात्री ठेवलेला उंदीर बहुधा पहाटे, दिवे लागल्यावर आणि घर जागं व्हायच्या आधी ती खाते. म्हणजे भूक शाबूत आहे, आणि तुम्ही नसताना ती वावरते. ही चांगली बातमी आहे. उंदीर मात्र कमी करा. जंगलात ही जात मुंग्या, झुरळं, कोळी, बेडूक, खेकडे असलं खाऊन जगते. सतत उंदीर दिले की चरबी चढते, यकृत बिघडतं. ड्युबिया झुरळं (खाद्य म्हणून वाढवलेली), रातकिडे, टोळ हे मुख्य खाणं, कॅल्शियमची पूड लावून. अधूनमधून कवचासकट खेकड्याचे तुकडे, पाळीव गोगलगाय. लहान उंदीर दोन-तीन आठवड्यांतून एखादा. अंगणातले किडे पकडून देऊ नका, ह्यूस्टनच्या हिरवळींवर काय फवारलेलं असतं सांगता येत नाही. किड्यांचा आणखी एक गुण असा की ते पानांत शिरतात, मातीत लपतात, आणि शोधायला घोरपडीला बाहेर पडावं लागतं. मेलेल्या उंदरासाठी तिला शोधाशोध करावी लागत नाही.

घर बांधून झालं, तब्येत सुधारली, की मग ओळख. सुरुवातीचे काही आठवडे आत हातच घालायचा नाही, पाणी बदलणं सोडून. पेटी घरातल्या वर्दळीच्या खोलीत असेल तर उत्तम, पण ती जमिनीपासून उंच हवी, म्हणजे माणूस डोंगरासारखा वरून येत नाही. रोज एकाच वेळी पेटीजवळ खुर्ची टाकून बसा, वाचत, फोन बघत. तिच्याकडे रोखून बघू नका. टक लावून बघणारा प्राणी म्हणजे शिकारी, एवढंच तिला कळतं.

एक दिवस नळीच्या तोंडाशी नाकाचं टोक दिसेल. मग जीभ. जिभेकडे लक्ष द्या, कारण घोरपड तिनंच बोलते. जीभ लांब, सावकाश, वरखाली हलत असेल तर ती चौकशी करतेय. जीभ एकदम थांबली आणि गळा फुगून खाली आला तर ती गोठली आहे, तुम्ही फार जवळ आलात. अशा वेळी झटकन मागे सरू नका, त्या हालचालीनंही ती दचकते. आहे तिथेच नजर दुसरीकडे वळवा आणि थोड्या वेळानं उठा.

नाक नियमित दिसायला लागलं की लांब चिमटा घ्या, टोकाला रबर असलेला, नाहीतर दात दुखावतात. झुरळ चिमट्यात धरून नळीच्या तोंडापासून हातभर लांब, खालच्या बाजूनं न्या आणि धरून ठेवा. आली नाही तर तिथेच वाटीत सोडून निघून जा. ती कधीतरी पुढे येऊन हिसकावून परत पळेल. पळू द्या. परत जाता आलं, हाच त्या दिवशीचा धडा आहे. मग अंतर थोडं थोडं वाढवा, म्हणजे ती नळीपासून आणखी एक पाऊल लांब येईल. पुढे चिमट्याबरोबर एखादी लाल टोकाची काठी दाखवायची सवय लावा, म्हणजे काठी दिसली की खाणं, हे जमतं. मग तिला वजनकाट्यावर चढवणं, पिंजरा साफ करताना बाजूला नेणं हे सगळं न धरता होतं. उघड्या हातानं खाणं कधीच देऊ नका. हात म्हणजे खाणं हे तिच्या डोक्यात बसलं तर चावा ठरलेला, आणि तो टाके पडण्याइतका खोल असतो.

याला किती दिवस लागतील याचा हिशेब मांडू नका. काही रफनेक काही महिन्यांत चिमट्यावर येतात, काहींना वर्षाहून जास्त लागतं, आणि काही कायम नळीतूनच जग बघतात. त्यातली कुठली तुमच्या वाट्याला आली आहे ते तिच्या कलानंच कळेल. ही घोरपड नीट ठेवली तर दहा वर्षांहून जास्त जगते, तेव्हा वर्षभराची वाट बघणं फार नाही. खांद्यावर बसणारा, मुलांना खेळवता येणारा प्राणी हवा असेल, तर ही जात तुमच्यासाठी नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साल्मोनेलासाठी, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांकडून येणाऱ्या पोट बिघडवणाऱ्या जंतूंसाठी, जास्तच जपा. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही, आणि पेटीला हात लावला की दर वेळी साबणानं हात धुवायचे.

आणि समजा आठ फुटी पेटी बांधणं, विजेचं बिल, हे सगळं तुमच्या आवाक्याबाहेर असेल, तर तसं मोकळेपणानं ठरवा आणि ज्याच्याकडे जागा आहे अशा अनुभवी माणसाकडे किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांना आसरा देणाऱ्या रेस्क्यू संस्थेकडे तिला द्या. बाहेर मात्र कधीही सोडायची नाही. फ्लोरिडात केप कोरलच्या कालव्यांत नाईल घोरपडी अशाच सोडलेल्या-सुटलेल्या प्राण्यांपासून वाढल्या, आणि २०२१ मध्ये तिथे त्या जातीवर बंदीच आली.

पुढचं लिहिताना एवढं कळवा: टेम्परेचर गननं मोजलेला ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग, गार टोकाचं तापमान, सकाळचा आणि दुपारी तीनचा ओलावा, आणि शीच्या तपासणीचा अहवाल. शेपटीच्या मुळाचा बाजूनं काढलेला एक स्पष्ट फोटोही पाठवा, फ्लॅश न वापरता.